चार व्हॉल्व्हसाठी जव्हारला

जव्हारला लोक थंड हवेसाठी जातात, राजवाडा बघतात, सनसेट पॉइंटवर उभं राहून फोटो काढून घेतात. मी गेलो ते रेडिओचे चार व्हॉल्व्ह शोधायला. राजवाडा लांबून दिसला तेवढाच. सूर्यास्ताच्या वेळी मी चार दिवसांत एकदाही मोकळा नव्हतो. तेव्हा स्थळवर्णन हवं असेल त्यांनी दुसरं काही वाचावं, मी रागावणार नाही.

आधी कारण सांगतो, नाहीतर हा माणूस एवढा का वणवणला ते कळायचं नाही. नाशकात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, अठ्ठावीस वर्षं झाली. माझी थोरली बहीण, अक्का, गिरणाऱ्याच्या पुढं मळ्यात राहते. तिथं अजून वीज नाही. दाजींनी हौसेनं बॅटरीवरचा मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ घेतला होता. दाजी गेले, रेडिओ राहिला. अक्काला मी दोनदा ट्रान्झिस्टर नेऊन दिला. दोन्ही वेळा तिनं तो शेजारच्यांना देऊन टाकला. म्हणाली, "त्या डबीतून माणूस बोलल्यासारखं वाटत नाही रे."

या रेडिओला वीज दोन प्रकारची लागते. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या नळ्या, त्यांच्यातली बारीक तार तापवायला दीड व्होल्ट, आणि बाकी कामाला नव्वद. दीडच्या जागी नव्वद गेले की खेळ खलास. म्हणून कंपनी प्लगच असा बनवते की आंधळ्यानं खोचला तरी उलटा बसत नाही. ते तयार बॅटरी पॅक आता बाजारात येत नाहीत. मी नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकापुढं एक जोडून पॅक बनवतो आणि सोबत टॉर्चचा एक मोठा सेल देतो. अक्काच्या रेडिओचा प्लग मी कधीच कापून टाकला होता. नुसत्या तारा. मला कशाला हवा प्लग? मी काय शिकाऊ आहे?

दिवाळीच्या आधी नवा पॅक घेऊन मळ्यात गेलो. घरात साफसफाई चाललेली. अक्काच्या सुनेनं, सुमननं, रेडिओ फळीवरून उचलून कोनाड्यात ठेवला होता. मी कुणाची तरी थट्टा करत करत तारा जोडल्या. चारही व्हॉल्व्ह एकदम लख्ख पेटले आणि विझले. मला त्या क्षणीच कळलं, दीडच्या जागी नव्वद. अक्का म्हणाली, "काय झालं रे?" मी म्हटलं, "व्हॉल्व्ह गेले." "कशानं?" आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "धक्काबिक्का लागला की जातात असे."

अक्कानं सुमनकडं पाहिलं. बस्स. तेव्हापासून अक्का सुनेशी भिंतीकडं बघून बोलते. "माझ्या माणसाची एक वस्तू राहिली होती, तीही सांभाळली नाही," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. सुमन मला एकदाच म्हणाली, "मामा, मी हळूच उचलला होता हो." मी म्हटलं, "असू दे गं, आणतो नवे." मनात हिशेब असा, की नवे व्हॉल्व्ह बसवले, रेडिओ बोलायला लागला, की सगळं आपोआप निवळेल. मला तोंड उघडायची वेळच यायची नाही.

नाशकात मिळाले नाहीत. मुंबईत एका दुकानदारानं मला हसून दाखवलं. मग मोखाड्याच्या बाजारात दुकान मांडणारा एक गिऱ्हाईक बोलता बोलता म्हणाला, "तिकडं गावोगाव सरकारनं असलेच रेडिओ दिले होते. पडले असतील कुठंकुठं." मी दुसऱ्याच आठवड्यात दुकानाला कुलूप लावलं.

मोखाडा

त्र्यंबकच्या पुढं एसटी तोरंगणचा घाट उतरली आणि एक वेगळाच मुलूख सुरू झाला. भात कापून झालं होतं. उतारांवर नागली खुडायचं काम चाललेलं, मधूनमधून खुरासणीची पिवळी फुलं अजून टिकलेली. आमच्याकडं द्राक्षं आली, विहिरी झाल्या, माणसं घाईत असतात. इथं बसमध्ये चढणारा माणूसदेखील आधी आतल्या सगळ्यांकडं बघून घेतो आणि मग पाय टाकतो. कंडक्टर ओरडत होता ते बहुधा रोजचंच असावं, कुणी मनावर घेत नव्हतं.

बाजाराचा दिवस होता. सुके बोंबील, मीठ, कोयते, बांगड्या. मी दिसेल त्याला विचारत सुटलो, "जुना रेडिओ आहे का कुणाकडं?" लोकांना वाटलं मी विकायला आलोय. एकानं तर किंमत पाडून मागितली.

शेवटी एका शिंप्याच्या दुकानात मला हवी तशी पेटी दिसली. तीच जाळी, तीच बटणं! माझा जीव भांड्यात पडला. मी घाईघाईनं मागचं झाकण काढलं तर आत दोऱ्याची रिळं, हुक आणि बटणांच्या पुड्या. शिंपी माझ्याकडं बघतच राहिला.

"अहो, काय शोधताय?"

"याच्या आतलं सामान कुठाय?"

"आतलं होय? ते जव्हारच्या करीमचाचांकडं. मला पेटी हवी होती, त्यांना आतलं हवं होतं. त्यांच्याकडं सगळं असतं, पण मिळेल असं नाही."

"म्हणजे?"

"जा, कळेल," म्हणाला आणि मशीन चालवायला लागला. असल्या उत्तरांनी माझं डोकं फिरतं. पण त्यानं चहा पाजला, त्यामुळं काही बोलता आलं नाही.

जव्हार

करीमचाचांचं दुकान बाजारपेठेच्या टोकाला, एका दाराचं. सत्तरीचा माणूस, पांढरी टोपी, डोळ्याला घड्याळजीचं भिंग. स्टोव्ह, पेट्रोमॅक्स, घड्याळं, टॉर्च, रेडिओ, सगळं तेच दुरुस्त करतात. मागच्या भिंतीवर छतापर्यंत फळ्या आणि प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं बांधलेली एक चिठ्ठी. अक्षर असं मोत्यासारखं की लहान पोरानंही वाचावं. संस्थानच्या शाळेत मास्तरांनी छड्या मारून घोटून घेतलेलं, असं ते स्वतःच सांगतात.

मी चिठ्ठ्या वाचू लागलो. प्रत्येकीवर तीन गोष्टी. वस्तू कोणती, गाव कोणतं आणि तिसरी ओळ, कारण. "पेट्रोमॅक्स. जामसर. लग्नात पडला." "घड्याळ. मोखाडा. मुलानं उघडून पाहिलं." "टॉर्च. जव्हार. विहिरीत."

मी म्हटलं, "चाचा, कारण कशाला लिहिता?"

"कारण कळल्याशिवाय दुरुस्ती कशी करणार? लोक वस्तू देतात आणि म्हणतात, आपोआप बंद पडली. आपोआप काही बंद पडत नाही साहेब. मी म्हणतो, खरं सांग, मग हात लावतो."

मी माझी गरज सांगितली. चाचांनी भिंग वर केलं. "चार? चारही एकदम गेले?"

"हो."

"कसे?"

धंद्यातल्या माणसाला हा प्रश्न म्हणजे सापळाच. एखादा व्हॉल्व्ह म्हातारपणानं जातो. चारही एकदम जायला एकच कारण असतं आणि ते आम्हा दोघांनाही पाठ होतं. तरी मी म्हणालो, "दिवाळीच्या आधी मळ्यात जवळच वीज पडली होती."

"अच्छा," चाचा म्हणाले. "दिवाळीच्या दिवसांत?" आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

मग त्यांनी वरच्या फळीवरून कापडात गुंडाळलेला रेडिओ उतरवला. हुबेहूब दाजींच्या रेडिओसारखा. मागून उघडून दाखवला. चारही व्हॉल्व्ह जागच्या जागी, काचा स्वच्छ. चिठ्ठी होती, "ग्रामपंचायत रेडिओ. वांगणी, आणणारा लहानू. चुलीवर ठेवला."

"चुलीवर?"

चाचा हसले. पावसात त्या बाजूला सगळंच ओलं होतं. बी-बियाणं, मक्याची कणसं, सगळं चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवतात म्हणजे टिकतं. रेडिओ लहानूच्या ताब्यात होता. त्यानं विचार केला, बी टिकतं तर रेडिओही टिकेल. आठ दिवसांत आतल्या कॉइलचं मेण वितळून खाली आलं. चाचांनी ते पुन्हा भरलं, रेडिओ तयार झाला, पण तोवर बॅटरी पॅक यायचे बंद झाले. सहा वर्षं तो फळीवर आहे.

मी म्हटलं, "मग द्या मला. पडूनच आहे ना? म्हणाल ते देतो."

"अमानत आहे साहेब. वांगणीनं सांगितलं तर देतो. तुम्ही जाऊन विचारा."

"अहो, सहा वर्षांत कुणी फिरकलं नाही!"

"लहानू येतो ना. दर पावसाळ्याआधी येतो, बघतो, हात फिरवतो, जातो."

मी चिडलो, चढ्या आवाजात बोललो. चाचांनी खारी आणि चहा मागवला. त्यांच्याशी भांडण होऊच शकत नाही, हा त्या माणसाचा मोठाच दोष आहे.

वांगणी

सकाळी एसटी जिथवर जाते तिथवर गेलो, पुढं पायवाट. माझ्या खांद्याला पिशवी होती आणि तिच्यात मी नाशकाहून आणलेला तयार बॅटरी पॅक. व्हॉल्व्ह मिळाले तर तपासून घ्यायला आणला होता. त्याचं ओझं मला त्या दिवशी पहिल्यांदाच जाणवलं. एका उतारावर चपलेचा अंगठा तुटला. अर्धा मैल अनवाणी चालून तळपायाला काटे भरले तेव्हा एक पन्नाशीचा, काटक, कंबरेला कोयता लावलेला माणूस भेटला. त्यानं न विचारता आपट्याची साल सोलली, वळली आणि चप्पल बांधून दिली.

"कुणाकडं जायचं?"

"लहानूकडं."

"मीच लहानू," तो म्हणाला. एवढ्या डोंगरात पहिलाच माणूस हवा तो भेटावा, असं माझ्या नशिबात सहसा होत नाही.

त्याच्या घरी नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि भाजलेल्या बोंबलाची चटणी. आमच्याकडं उडीद पापडापुरता. इथं रोजचा. मी तीन भाकरी खाल्ल्या आणि लहानूची बायको तोंडाला पदर लावून हसली. चुलीवर माळा होताच, बियाण्यासाठी बांधलेली कणसं लोंबत होती. माझी नजर तिकडं गेलेली पाहून लहानूच म्हणाला, "हां, तठंच ठेवला होता. मीच बिघडवला."

त्यानं ते इतकं सहज सांगितलं की मी चपापलो. विचारलं, "गावात कळलं तेव्हा काय म्हणाले?"

"कळलं काय, मीच सांगितलं. त्याच दिशी. रेडिओ डोक्यावर घेतला न् घरोघर गेलो, माझ्याकडून बिघडला म्हणून. लोक हसले. आथां पण हसतात, आथां म्हणजे, अजून. मी काही लपवलं नाय. लपवलं असतं तर शाळेच्या मास्तरावर नाव गेलं असतं, त्याच्याकडं पण तो दोन दिवस होता."

पाणी पिऊन मी खाली मान घालून बसलो.

दुपारी शाळेच्या ओट्यावर दहा-बारा जण जमले. आपसात ते त्यांच्या बोलीत बोलत, माझ्याशी बोलताना मराठी जपून, एकेक शब्द ठेवत. मी अडचण सांगितली. बहिणीचा रेडिओ आहे, चार व्हॉल्व्ह हवेत, तुमचा रेडिओ चाचांकडं नुसता पडून आहे. पैसे द्यायचं म्हटलं तर एक म्हातारा हात हलवून म्हणाला, "बहिणीचा आहं ना? मग पैसं कसलं? न्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. पाच मिनिटांत काम झालं! आमच्या सोसायटीत पाण्याच्या नळावरून दीड तास चालतं.

सगळे उठायला लागले तेव्हा लहानू म्हणाला, "एक सांगा साहेब, तुमी त्यातलेच आहात. बॅटरी आथां मिळतच नाय ना? आमच्या जवान पोरांकडं ट्रान्झिस्टर आहेत, पण ती कामाला वसईकडं जातात न् संगं घेऊन जातात. मागं आम्हीच राहतो. मिळत नाय म्हणालात का माझं मन मोकळं. मंग मी दर साली जाणार नाय हेरायला."

हेरायला म्हणजे बघायला. सगळे माझ्याकडं बघत होते. आणि बॅटरी माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती. मला नुसतं "नाही" म्हणायचं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. कंपनीचा पॅक खरंच मिळत नाही. दुकानदाराच्या डोक्यात असली वाक्यं तयारच असतात. मी तोंड उघडलं, आणि डोळ्यापुढं सुमन आली, कोनाड्याशी उभी, हातात फडकं. एकदा अर्धं खरं बोलून मी तिची काय दशा केली होती! आता याचा रेडिओ कायमचा मोडीत काढायला निघालो होतो.

मी म्हणालो, "मिळत नाही. पण करता येते." आणि पिशवीतून पॅक काढून ओट्यावर ठेवला.

लहानूनं तो दोन्ही हातांनी उचलला. उलटापालटा करून पाहिला. मग मघाचाच म्हातारा जरा ओशाळून म्हणाला, "साहेब, मग... रेडिओ आमालाच लागंल."

"लागेलच की," मी म्हटलं. खरं सांगतो, मला तेव्हा उदार वगैरे काही वाटलं नाही. चांगलाच चरफडलो होतो, स्वतःवरच. रात्री तिथंच शाळेत झोपलो आणि सकाळी लहानूबरोबर निघालो. वाटेत त्यानं मला बॅटरीबद्दल इतके प्रश्न विचारले की जव्हार येईपर्यंत मी अर्धा धंदा त्याला शिकवला.

पुन्हा जव्हार

चाचांनी पॅक बघितला आणि कपाळावर हात मारला. "अरे! दहा छोट्या जोडायच्या! सहा वर्षं मी येड्यासारखा कंपनीची वाट बघत बसलो!" मी पॅकला मुद्दाम जुना, नीट प्लग लावला. उलटा बसणारच नाही असा. लहानूला तो चारचारदा लावून-काढून दाखवायला सांगितलं. चाचा बाजूनं बघत होते.

बटण फिरवलं. थोडा वेळ नुसती खरखर, आणि मग एकदम बाईचा स्वच्छ आवाज. शेतीचा कार्यक्रम होता, साठवणीच्या भातातल्या किडीबद्दल. लहानू ताठ उभा राहून शेवटपर्यंत ऐकत होता. मग त्यानं रेडिओ कापडात बांधला, डोक्यावर चुंबळ ठेवली, वर रेडिओ घेतला आणि चाचांना म्हणाला, "आथां चुलीवर नाय ठेवणार." चाचांनी वांगणीची चिठ्ठी सोडून त्याच्या हातात दिली. तो गेला.

मीही निघालो. चाचा म्हणाले, "थांबा. तुमचीही चिठ्ठी करू. कुठं ना कुठं निघतील व्हॉल्व्ह, आले की कळवतो." त्यांनी एक रिकामा पुठ्ठ्याचा डबा घेतला, दोन कोऱ्या चिठ्ठ्या घेतल्या. एक डब्याला, एक गिऱ्हाइकाला, तशी त्यांची रीतच आहे. लिहिलं, "चार व्हॉल्व्ह. नाशिक." पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कारण?"

वीज पडली, असं म्हटलं असतं तर त्यांनी तेच लिहिलं असतं, याची मला आजही खात्री आहे. मी म्हणालो, "मिस्त्रीनं बॅटरी उलटी लावली. मिस्त्री मी."

त्यांनी लिहिलं. दोन्ही चिठ्ठ्यांवर, तशाच मोत्यासारख्या अक्षरात. डबा फळीवर, वांगणीच्या रिकाम्या जागी ठेवला. मग म्हणाले, "माझ्याकडूनही एकदा झालंय. तुम्ही निदान माझ्यापेक्षा लवकर सांगितलंत." पैसे घेतले नाहीत, वर वाटेत खायला चार केळी दिली.

मळ्यात

नाशकात न थांबता सरळ मळ्यात गेलो. थांबलो असतो तर गेलोच नसतो, मी मला ओळखतो. अक्का ओसरीवर मेथी निवडत होती, सुमन विहिरीवरून पाणी घेऊन येत होती.

"मिळाले का रे?" अक्कानं विचारलं.

"नाही मिळाले."

"वाटलंच होतं मला. एकदा हातची गेलेली वस्तू..." आणि तिनं सुमनच्या दिशेनं मान फिरवली.

मी खिशातून चिठ्ठी काढून अक्कापुढं धरली. खरं सांगतो, चार दिवस एवढी पायपीट करूनही मला वाटत होतं, कागदच बोलला तर बरं. अक्काला चष्म्याशिवाय दिसत नाही. ती म्हणाली, "सुमन, वाच गं काय ते."

सुमननं हंडा उतरवला, पदराला हात पुसले, चिठ्ठी घेतली. "चार व्हॉल्व्ह," तिनं वाचलं. "नाशिक." मग तिचे डोळे तिसऱ्या ओळीवर गेले आणि तिथंच थांबले. तिनं माझ्याकडं पाहिलं. दिवाळीपासून पहिल्यांदाच सरळ पाहिलं.

"पुढचं अक्षर लागत नाही, मामा," ती म्हणाली आणि चिठ्ठी माझ्या हातात परत दिली. "तुम्हीच वाचा."

मी वाचलं. मिस्त्रीनं बॅटरी उलटी लावली, मिस्त्री मी. धक्क्यानं काही झालेलं नाही, सुमनच्या हातून तर मुळीच नाही, हे चिठ्ठीत नव्हतं तेही वाचलं.

अक्कानं हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. ती मला एका शब्दानंही रागावली नाही. म्हणाली, "सुमन, ये, बस इथं." सुमन तिच्याशेजारी बसली. अक्कानं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग मला म्हणाली,

"आता पुन्हा वाच. हिच्याकडं तोंड करून वाच."